जिथं अडकत नव्हतं

मी चौथीत होते. अप्पा फौजेतून सुट्टीवर आले होते आणि आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला गोठ्यात पकडलं.

रहिमतपूरच्या आमच्या घरामागं दोन म्हशी असायच्या. त्यातली धाकटी माझं सगळं ऐकून घ्यायची. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि तिच्यापाशी जायचं. दिवसभर वर्गात जे बोलता आलं नव्हतं ते सगळं तिला सांगायचं. गणिताचं उत्तर येत होतं पण हात वर केला नाही, लंगडीत मला कुणी घेतलं नाही, असलं काहीबाही. त्या दिवशी मी तिला आमच्या बाईंची नक्कल करून दाखवत होते. मागून आवाज आला.

"कुणासंगं बोलतीस गं?"

मी वळले. 'म्हशीसंगं' एवढंच सांगायचं होतं. ओठ मिटले ते उघडेचनात. मान पुढं गेली, डोळे घट्ट मिटले आणि 'म' तोंडातल्या तोंडात घुमत राहिला. अप्पांनी वाट बघितली. मग म्हणाले, "आत्ता तर घडाघडा बोलत हुतीस. म्हशीसंगं बोलताना अडकत न्हाई, मग बापासंगंच कसं अडकतं?"

त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. कळत असतं तरी सांगता आलं नसतं.

मी पाचव्या वर्षापासून अडखळत बोलते. आई म्हणते, त्याआधी चांगली बोलायची. गावात बोबडी म्हणायचे, पण बोबडं बोलणं वेगळं. माझे शब्द बोबडे नव्हते, ते निघायचेच नाहीत. आता लंगडणारा माणूस अंगणातही लंगडतो आणि देवळातही लंगडतो. सगळ्यांना तेवढंच ठाऊक. माझं तसं नव्हतं. म्हशीशी बोलताना अडकत नव्हतं, गाणं म्हणताना अडकत नव्हतं, दहाजणांबरोबर एका सुरात म्हणायचं असलं तर अडकत नव्हतं. धाकट्या भावावर खेकसताना तर बिलकूल नाही. म्हणजे इतर वेळी मी मुद्दाम करते, असं लोकांनी ठरवलं. माझी जीभ कायमच अडकली असती तर कुणी काही बोललं नसतं. ती अधूनमधून चालायची, हाच माझ्यावरचा पुरावा होता.

शाळेत प्रार्थनेच्या वेळी माझा आवाज सगळ्यांत खणखणीत. एकदा आमच्या बाई रांगांमधून फिरताना माझ्याजवळ थांबल्या आणि खूश होऊन म्हणाल्या, "उद्या प्रतिज्ञा तू सांगायची. बाकीचे तुझ्यामागून म्हणतील." दुसऱ्या दिवशी मी पायरीवर एकटी उभी राहिले. पहिलाच शब्द ओठांवर आला आणि तिथंच राहिला. सगळी शाळा हात पुढं करून उभी. हात अवघडले तसे मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काल तर छान म्हणत होतीस. नाटकं करू नकोस." त्या वाईट नव्हत्या. पुढं त्यांनी मला कधीही काही विचारलं नाही, आणि ते मात्र मला जास्त लागलं.

अप्पांनी गोठ्यातल्या त्या प्रसंगानंतर उपाय काढला. रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि मला समोर सावधान उभं करायचे. नाव, इयत्ता, गाव. एवढंच सांगायचं, जवान रिपोर्ट देतात तसं. "कुठला बी रंगरूट पंधरा दिवसांत तयार हुतो," असं ते आईला म्हणाले. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची, "आवं, लेकरू हाय ते. जिवावर येतंय तिच्या." अप्पा हात वर करून तिला गप्प करायचे.

सुरुवातीचे काही दिवस ते शांत होते. "सावकाश. घाई न्हाई." मग तेही म्हणेनासे झाले. मी नावाच्या पहिल्या अक्षराशी झटत असायची आणि ते माझ्या कपाळावरच्या शिरेकडं बघत बसायचे. एका संध्याकाळी खुर्ची मागं ढकलून उठले आणि ओरडले, "सरळ बोल की! का बापाचं नाक कापायचं ठरवलंयस?" शेजारच्या अंगणातलं बोलणं थांबलं. त्यांची सुट्टी संपली त्या दिवशी मी माळ्यावर लपून बसले, कारण निरोप द्यायचा म्हणजे बोलणं आलं. खालून त्यांनी दोनदा हाक मारली. गाडीची वेळ झाली तसे गेले.

आईनं म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोलला. आम्ही दोघी गेलो. गर्दीत गुलालानं डोळे चुरचुरत होते आणि चारी बाजूंनी चांगभलंचा गजर. मीही ओरडले. "सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!" सलग, एकदाही न अडखळता. आईनं माझ्याकडं बघितलं. "परत म्हण." मी परत म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. तिनं तिथंच भर गर्दीत बसून माझे पाय धरले, जणू मीच देव. देवळाच्या बाहेर नारळवाल्यानं मला सहज विचारलं, "कुठनं आलासा?" आणि मी उभीच राहिले. आईचा चेहरा मला अजून आठवतो. ती रागावली नाही. तिनं फक्त माझ्या कपाळावरचा गुलाल पदरानं पुसला.

पुढं मी साताऱ्याला कॉलेजला जाऊ लागले. तोवर अप्पा निवृत्त होऊन घरी आले होते. येताना कंडक्टर विचारायचा, "कुठं?" आणि 'र' काही केल्या निघायचा नाही. मागची माणसं खोळंबायची. एकदा घाबरून मी 'औंध' म्हटलं, कारण ते निघालं. औंध आमच्या गावाच्या पुढं. मग रोज औंधचंच तिकीट काढायचं आणि रहिमतपुरात उतरायचं. विद्यार्थ्यांना पास मिळायचा, हे मला माहीत होतं. पण पासाच्या खिडकीवर तर नावही सांगावं लागायचं आणि गावही.

त्या गाडीचा एक कंडक्टर अप्पांसारखाच माजी सैनिक होता. त्यानं दोन-तीन महिने बघितलं आणि एके दिवशी चावडीजवळ अप्पांना गाठून सांगितलं की तुमची लेक रोज तिकीट औंधचं काढती आणि उतरती इथंच, काय भानगड हाय ते बघा. अप्पा घरी आले ते लाल होऊन.

"औंधात कोण हाय?"

मी मान हलवली.

"कुणीच न्हाई? मग तिकीट कशाला औंधचं?"

सांगायला गेले. जे सांगायचं होतं त्यातच 'र' होता. शेवटी वहीचं पान फाडून लिहिलं, 'मला रहिमतपूर म्हणता येत नाही. औंध म्हणता येतं.' अप्पांनी चष्मा लावून ते वाचलं. कागदाची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि मळ्याकडं गेले. दुसऱ्या दिवशी स्वतः साताऱ्याला जाऊन त्यांनी मला पास काढून आणला. पास टेबलावर ठेवला. त्याबद्दल आमचं कधी बोलणं झालं नाही. त्या एका गोष्टीवर मी पुढं त्यांचं बरंच काही माफ केलं, सगळं मात्र नाही.

लग्न जमवताना माझं न बोलणं कामाला आलं. बघायला आलेल्या बायका एकमेकींना म्हणत, "पोरगी लय गुणाची. तोंडातनं शब्द निघत न्हाई." तो खरोखरच निघत नाही, हे त्यांना कोण सांगणार! अप्पा आयुष्यभर खोटं बोलले नव्हते. आपल्या शेतातला आंबटढाण आंबाही ते गोड म्हणून कुणाला देत नसत. पण ह्या एका बाबतीत ते गप्प बसायचे आणि पोह्यांच्या बशीकडं बघायचे. मला ते सहन होईना. माधवनगरच्या ज्या मुलाशी ठरत आलं होतं, त्याला मी चोरून पत्र लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं. 'मी यंत्रमागाच्या शेडमध्ये काम करतो. तिथल्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. आम्ही सगळे हातवारे करूनच बोलतो. तुमचं चालून जाईल.'

लग्न झालं. पहिल्यांदा त्यांचा डबा घेऊन शेडमध्ये गेले तेव्हा आणखी एक नवल कळलं. तिथं वीस-बावीस माग एकदम चालू होते आणि त्या आवाजात मला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. मी ओरडून म्हणाले, "आज वांग्याची भाजी आहे, भाकरी गरम आहे तोवर खाऊन घ्या!" ह्यांनी माग थांबवला आणि म्हणाले, "परत बोल." माग थांबला होता, बघता बघता बाकीचेही थांबले होते. परत काही मला बोलता आलं नाही. आम्ही दोघं हसलो. ह्या सगळ्या प्रकारावर मी मोकळेपणी हसले असेन तर तेव्हाच.

तीन वर्षांपूर्वी अप्पांना लकवा झाला. सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून पडला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. मिरजेच्या दवाखान्यात पंधरा दिवस होते. पुढचे व्यायाम तिथंच घ्यायचे म्हणून मी त्यांना आणि आईला माझ्याकडं माधवनगरला आणलं. भाऊ शेती सांभाळून येऊन-जाऊन असायचा.

महिनाभर त्यांच्या तोंडातून एकही शब्द आला नाही. मग एक दिवस व्यायाम घेणाऱ्या मुलानं त्यांचा आखडलेला पाय दुमडला आणि अप्पांनी त्याला एक सणसणीत, पलटणीतली शिवी हासडली. अगदी स्वच्छ, जोडाक्षरांसकट. आई देवापुढं साखर ठेवायला पळाली. तो मुलगाही हसत होता. "आजोबा बोलायला लागले!"

पण पाणी मागता येईना. डोळ्यांसमोर तांब्या असायचा, तोंड उघडायचं आणि यायचं ते "हे... त्ये... हे." आईचं नाव नाही, माझं नाही. शिव्या मात्र सगळ्या शाबूत. एकपासून वीसपर्यंत हिंदीत आकडे म्हणायचे. संध्याकाळी मी दिवा लावला की गणपतीची आरती सुरू करायचे आणि एकही शब्द न गाळता शेवटपर्यंत न्यायचे. आरती संपली की पुन्हा "हे... त्ये."

भाऊ आला, त्यानं हे सगळं बघितलं आणि बाहेर ओट्यावर येऊन मला म्हणाला, "शिव्या कशा फाडफाड येत्यात? आरती येती. मग पाणी म्हणाया काय हुतंय? हट्टीपणा हाय निव्वळ. आयला राबवून घेत्यात."

त्याला समजावण्याइतकं बोलणं मला जमणार नव्हतं, म्हणून तो गेल्यावर मोबाइलवर लांबलचक लिहून पाठवलं की हे असं असतं, माणूस मुद्दाम करत नसतो, मला विचार. त्यानं एक अंगठा पाठवला.

म्हणजे मला ठाऊक होतं. इतरांना नसेल, पण मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून पुढचं सांगायला जड जातं.

पावसाळ्याचे दिवस होते. ह्यांना ताप होता, आईचे गुडघे धरले होते आणि मी पहाटेपासून उभीच होते. नऊच्या सुमारास अप्पांनी डाव्या हातानं पलंगाची कड वाजवायला सुरुवात केली. "हे. हे. त्ये." मी पाणी दिलं, त्यांनी ढकललं. चहा दिला. चष्मा दिला. पंखा लावला, बंद केला. चादर काढली, उशी बदलली. प्रत्येक वेळी ते मान हलवायचे आणि कड आणखी जोरात वाजवायचे. मी रेडिओ आणला तेव्हा त्यांनी तो हातानं ढकलला आणि मला शिवी दिली. जी त्या व्यायामाच्या मुलाला दिली होती, तीच.

माझा तोल गेला. आणि मी बोलले.

"शिव्या द्यायला अडकत न्हाई, मग काय पायजे ते सांगायलाच कसं अडकतं?"

एकदाही न थांबता बोलले. रागात मी कधीच अडखळत नाही. शब्द कानावर पडल्यावर मला कळलं की हे वाक्य कुणाचं आहे. अप्पांनाही कळलं असावं, किंवा नसेलही. त्यांनी कड वाजवणं थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं. मग त्यांची नजर खाली गेली. मी त्या नजरेच्या रोखानं बघितलं. धोतर ओलं झालं होतं, गादी ओली होत होती. त्यांना लघवीला जायचं होतं. एवढंच सांगत होते.

आई दारात उभी होती. ती लंगडत आली, माझ्या हातातला रेडिओ घेतला आणि म्हणाली, "कोरडं धोतार आण."

मी त्यांचे कपडे बदलले. अंग पुसलं. ते छताकडं बघत पडून होते. माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं आणि 'म' पाशी थांबले. अप्पांनी डावा हात थोडा उचलला आणि परत ठेवला. 'राहू दे' म्हणत होते की 'जा इथून' म्हणत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्या आठवड्यात मी त्यांना सांगलीत, बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या एका बाईंकडं नेलं. आधीच न्यायला हवं होतं. त्यांनी अप्पांकडून आकडे म्हणवून घेतले, आरती म्हणवून घेतली, मग पेन दाखवून हे काय विचारलं. अप्पांचं पुन्हा 'हे... त्ये.' बाई मला म्हणाल्या, "पाठ झालेलं, गायलेलं, रागानं येणारं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं. ती वाट शाबूत आहे. मनातलं जुळवून सांगायची वाट तुटली आहे. त्यात हट्ट वगैरे काही नाही." मग माझ्याकडं वळून त्या म्हणाल्या, "तुमचं निराळं आहे, पण तेही कुणी मुद्दाम करत नसतं. गाताना अडकत नसेल ना?"

मी मान डोलावली. माझं वय तेव्हा बेचाळीस होतं. तू नाटक करत नाहीस, असं मला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते सांगताना अप्पा शेजारच्या खुर्चीत बसलेले होते. त्यांनी ऐकलं का, हे बघायचं मला धाडस झालं नाही. मी त्यांच्या चपलेचा पट्टा लावत खाली वाकून बसले.

बाईंनी गाऊन बोलायला शिकवलं. जी चाल तोंडात बसलीय तीच घ्यायची आणि तिच्यावर रोजचे शब्द चढवायचे. आम्ही आरतीची चाल घेतली. मी आधी गायची, "पाणी पाहिजे, पाणी पाहिजे," ते माझ्या हातावर ठेका धरून मागून म्हणायचे. महिन्याभरात एकटे म्हणू लागले. पाणी, चहा, संडास, दिवा, 'दुखतंय'. सकाळी उठल्या उठल्या आमच्या घरात गाणं सुरू व्हायचं. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "रोज सकाळी भजन असतं का हो तुमच्याकडं? बरं वाटतं ऐकून." त्या वेळी अप्पा संडासला नेण्याची मागणी गात होते.

चार-पाच महिने असे गेले. आमचं दोघांचं आयुष्यभरात झालं नसेल इतकं बोलणं तेव्हा झालं. मीही गाऊनच बोलायची, त्यामुळं अडकायची नाही. एकदा त्यांनी त्याच चालीवर स्वतःहून विचारलं, "जेवलीस का?" कुणी न शिकवता आलेला तो त्यांचा पहिला प्रश्न.

पण माणसांसमोर ते गायचे नाहीत. गावाकडून त्यांचा जुना मित्र भेटायला आला. तो विचारत राहिला, "सुभेदार, वळखलं का?" अप्पांनी ओठ घट्ट मिटले. मी बाजूनं सांगायला गेले की ओळखलंय, सगळं कळतं त्यांना, आणि तीन शब्दांतच अडखळले. मित्र एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिला. चहा अर्धा ठेवून उठला. तो गेल्यावर आई म्हणाली, "फौजंत शंभर माणसाला हुकूम सोडणारा माणूस, आन पाणी मागाया गाणं म्हणतोय. कुणी ऐकलं तर काय म्हणंल?"

दिवाळीनंतर ते दोघं रहिमतपूरला परत गेले. आईला लेकीच्या घरी राहणं जड व्हायला लागलं होतं आणि अप्पाही दाराकडं बोट करायचे. मी भावाला गाण्याचं सगळं समजावून दिलं, लिहूनही दिलं. तो म्हणाला, "बरं, बगतो." त्यानं पलंगाला एक घंटी बांधली. काय हवं असलं की अप्पा ती वाजवतात आणि आई अंदाजानं ओळखते. बहुतेक वेळा तिला बरोबर कळतं. पन्नास वर्षांचा संसार आहे.

मी महिन्यातून दोनदा जाते. प्रत्येक खेपेला त्यांचा एखादा शब्द कमी झालेला असतो. गेल्या खेपेला दुपारी पोचले. ते रस्त्याकडंच्या खिडकीशी बसले होते. बाहेर कट्ट्यावर तीन-चारजण गप्पा मारत होते. मी त्यांचा डावा हात हातात घेतला, ठेका धरला आणि हळू आवाजात सुरू केलं, "चहा पाहिजे का, चहा पाहिजे का." त्यांनी माझ्याकडं बघितलं. ओठ हलले, पहिलं अक्षर आलं, आवाज थोडा वर गेला.

आई उठली आणि तिनं खिडकी लावून घेतली. "बाहेर माणसं हाईत," ती म्हणाली.

अप्पांनी बंद खिडकीकडं बघितलं. मग माझ्या हातातून हात काढून घेतला आणि कपाकडं बोट केलं. मी चहा दिला.

आईला मी काही बोलले नाही. तिनं त्या गावात, त्याच रस्त्याला लागून आयुष्य काढलंय, आणि लोक कसे हसतात ते तिला माझ्यामुळंच पुरतं कळलंय. संध्याकाळच्या गाडीनं मी परतले. येत्या रविवारी पुन्हा जायचं आहे. गेल्या गेल्या खिडकी आपणच लावून घ्यावी आणि त्यांना निवांत गाऊ द्यावं, की ती उघडीच ठेवायला आईशी भांडावं, हे माझं अजून ठरत नाही.